अकरावी पुन्हा करायची का? आधी फेरपरीक्षेची तयारी करून पाहा

प्रश्न विचारणाऱ्या ताई सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतात. मुलगा दहावीपर्यंत गावातल्याच मराठी माध्यमाच्या हायस्कुलात होता, दहावीला ८६ टक्के मिळाले. अकरावी विज्ञानासाठी त्याला शहरातल्या कनिष्ठ महाविद्यालयात घातलं, राहायला मामाकडे. वार्षिक परीक्षेत भौतिकशास्त्र आणि गणित या दोन विषयांत नापास झाला, रसायनशास्त्रात काठावर पास, जीवशास्त्र आणि भाषा ठीक. कॉलेज म्हणतं, फेरपरीक्षा द्या आणि बारावीत या. क्लासवाले म्हणतात, अकरावी पुन्हा करा म्हणजे पाया पक्का होईल. वडिलांना वर्ष वाया घालवायचं नाही. मुलगा गप्प आहे. ताईंना विचारायचंय, काय करू?

ताई, मी कनिष्ठ महाविद्यालयात बरीच वर्षं गणित शिकवतो आहे आणि अकरावीच्या निकालानंतर पालकांशी, मुलांशी बोलायचं काम आमच्याकडे माझ्याकडेच असतं. म्हणून आधी थेट उत्तर देतो. फेरपरीक्षा द्यायचीच. वर्ष पुन्हा करायचं की नाही, हे मात्र आज ठरवू नका. फेरपरीक्षेपर्यंत जे काही आठवडे हातात आहेत, तेवढ्या दिवसांत तो कसा अभ्यास करतो, कुठे अडतो, कुठे सुटतो, हे नीट बघा आणि मग ठरवा. ही तयारी पास होण्यासाठी आहेच, पण तुमच्या प्रश्नाचं सगळ्यात खरं उत्तरही तीच देणार आहे. क्लासवाले, कॉलेज, मी, आम्ही सगळे अंदाज बांधतो. तो पाच आठवडे दोन विषय घेऊन बसला की अंदाजाची गरज उरत नाही.

आता हे बघायचं कसं, ते सांगतो.

पहिलं काम, वर्षभराचे मार्क एका कागदावर ओळीने लिहा. पहिली घटक चाचणी, प्रथम सत्र, दुसरी घटक चाचणी, वार्षिक. परीक्षा वेगवेगळ्या मार्कांच्या असतात, तेव्हा सगळ्यांचे टक्के काढा. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचा आलेख मी दरवर्षी बघतो आणि तो बहुतेक वेळा एकाच वळणाचा असतो. पहिल्या चाचणीला मुलगा आपटतो, सहामाहीत तसाच राहतो, दुसऱ्या चाचणीपासून हळूहळू वर यायला लागतो. अशा मुलाचं वार्षिक परीक्षेत पाच-सात मार्कांनी राहिलं तरी मी त्याला पुढे जा म्हणतो, कारण त्याची गाडी रुळावर आलेली असते आणि त्याला पुन्हा जूनमध्ये नेऊन बसवलं तर ती चाल मोडते. उलट पहिल्या चाचणीत बरे मार्क आणि मग दर परीक्षेला खाली, असा आलेख असेल तर काळजीचं कारण आहे. वर्षाच्या मध्यावर काहीतरी घडलेलं असतं. कधी आजारपण, कधी मामाकडे करमत नाही, कधी मोबाइल, कधी संगत, कधी ‘मला हे जमणारच नाही’ असं मनाने एकदा घेतलेलं. ते काय होतं हे कळल्याशिवाय वर्ष पुन्हा करण्यात अर्थ नाही.

दुसरं काम उत्तरपत्रिकांचं. वर्गशिक्षकांना भेटा, विनंती करा आणि दोन्ही विषयांच्या वार्षिकच्या उत्तरपत्रिका मुलाला सोबत घेऊन बघा. बहुतेक ठिकाणी दाखवतात. मार्क मोजत बसू नका. गेलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे बघा की तो कोरा सोडलाय, की पद्धत बरोबर असून हिशेब चुकलाय, की प्रश्नच वेगळा समजून सोडवलाय. तिसऱ्या प्रकाराकडे घरच्यांचं लक्षच जात नाही. माझ्या एका विद्यार्थ्याने भौतिकशास्त्राच्या पेपरात ब्रेक लावून थांबणाऱ्या गाडीचं गणित सोडवलं होतं. प्रश्नात होतं ‘कम्स टु रेस्ट’. त्याने ‘रेस्ट’ शब्द बघितला आणि सुरुवातीचा वेग शून्य धरला. खरं तर शेवटचा वेग शून्य होता. पुढची आकडेमोड अगदी स्वच्छ, एकही चूक नाही, आणि मार्क शून्य. घरी सगळे म्हणत होते, याला फिजिक्स येत नाही. त्याला फिजिक्स येत होतं, इंग्रजीतला प्रश्न वाचता येत नव्हता. या मुलाने अकरावी पुन्हा केली असती तर तोच पेपर त्याने पुन्हा तसाच वाचला असता.

तुमच्या मुलाच्या पेपरात असं काही सापडलं तर उपाय स्वस्त आहे. नववी-दहावीची विज्ञान आणि गणिताची इंग्रजी माध्यमाची पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. त्याची स्वतःची मराठी पुस्तकं घरात असतीलच. दोन्ही शेजारी उघडून तेच धडे आता इंग्रजीतून वाचायला सांगा, रोज तासभर. आशय त्याला पाठ आहे, त्यामुळे शब्द आपोआप जागच्या जागी बसतात. शब्दकोश घेऊन अकरावीचं पुस्तक वाचण्यापेक्षा हे कितीतरी लवकर होतं. सुट्टीत मन लावून केलं तर बारावीच्या पहिल्या महिन्यातच फरक दिसतो.

तिसरं काम जरा अवघड आहे, पण सगळ्यात महत्त्वाचं हेच. त्याच्यापुढे अकरावीचं काही ठेवू नका. आठवी-नववीची दहा गणितं ठेवा. तीन चतुर्थांशातून पाच षष्ठांश वजा कर. अमुक समीकरणातून ‘अ’ची किंमत बाजूला काढ. एका वर्गत्रिपदीचे अवयव पाड. दोन वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ म्हणजे त्या संख्यांची बेरीज का नाही, ते उदाहरण घेऊन दाखव. शेजारी कोणी शिक्षक असतील तर त्यांना काढून द्यायला सांगा. दहावीला ८६ टक्के मिळवलेली मुलंसुद्धा इथे अडकताना मी बघितली आहेत, कारण दहावीच्या परीक्षेला ठरावीक पद्धतीची उदाहरणं घोटून घोटून मार्क मिळतात. अकरावीत त्रिकोणमिती, संमिश्र संख्या, मर्यादा, विकलन असं सगळं एकदम अंगावर येतं आणि प्रत्येक पायरीला हीच आठवी-नववीची हत्यारं लागतात. ती बोथट असतील तर नवीन संकल्पना समजूनही उत्तर येत नाही. मुलाला वाटतं विकलन कळलं नाही. प्रत्यक्षात अपूर्णांक कच्चा असतो.

आणि इथेच ‘पाया पक्का करायला अकरावी पुन्हा करा’ हा सल्ला फसतो. अकरावीच्या वर्गात अपूर्णांक कोणी शिकवत नाही. पाया नववीतला कच्चा असेल तर अकरावी दोनदा केल्याने तो पक्का होणार नाही. तो पक्का करायला नववी-दहावीचं गणित घेऊन दीड-दोन महिने रोज बसावं लागतं, आणि हे काम सुट्टीत होऊ शकतं, त्यासाठी वर्ष लागत नाही.

वर्ष पुन्हा करणारी मुलं माझ्या वर्गात असतात, म्हणून त्यांचं काय होतं हेही सांगतो. सुरुवात छान होते. जून-जुलैत शिकवलेलं सगळं ओळखीचं वाटतं, पहिल्या चाचणीत चांगले मार्क पडतात, घरी सगळे निर्धास्त होतात. मुलगाही सैल होतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर मागच्या वर्षी ज्या प्रकरणांना त्याने हात लावला नव्हता ती येतात आणि तिथे तो बरोबर त्याच जागी येऊन थांबतो. काही मुलं ही दिवाळी ओलांडतात. ती कोण असतात, तर ज्यांच्या बाबतीत मागच्या वर्षीची अडचण खरोखर दूर झालेली असते.

म्हणून मी पालकांना एकच प्रश्न विचारतो, तो तुम्हालाही विचारतो. पुढच्या वर्षी नेमकं काय वेगळं असणार आहे? ‘तो जास्त अभ्यास करेल’ हे उत्तर मी धरत नाही. ते तर यंदाही ठरलेलंच होतं. राहायची जागा बदलणार आहे का, मामाच्या घरी अभ्यासाला कोपरा नव्हता तर तो मिळणार आहे का, कॉलेज आणि क्लास मिळून दिवसाचे जे बारा तास जात होते त्यातले काही सुटणार आहेत का, इंग्रजीचं काम कोणी करून घेणार आहे का, असं बोट ठेवता येईल असं काहीतरी हवं. तसं सापडत नसेल तर पुन्हा तेच वर्ष येणार आहे.

अकरावी पुन्हा करणं योग्य ठरतं अशा वेळा आहेत, आणि त्या मी मोकळेपणाने सांगतो. मोठं आजारपण झालं, दोन-तीन महिने वर्गात बसताच आलं नाही. घरात मृत्यू झाला आणि मुलगा त्यातून बाहेर यायलाच सहा महिने गेले. प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या, शेवटच्या फेरीत कॉलेज मिळालं आणि तोवर निम्मं सत्र संपलं होतं. या सगळ्यांत मुलाला ते वर्ष मिळालंच नाही, तेव्हा ते त्याला मिळायला हवं. इथे मी पालकांना लोक काय म्हणतील याचा विचार करू नका असं निक्षून सांगतो. तुमच्या पत्रात असं काही नाही, पण मुलगा गप्प आहे असं तुम्ही लिहिलंय. वर्षभर मामाकडे काय चाललं होतं हे तुम्हाला पूर्ण ठाऊक आहे का, हे एकदा स्वतःला विचारा.

त्या गप्प बसण्याबद्दल आणखी बोलायला हवं. ८६ टक्के मिळवणाऱ्या गावच्या मुलाचा दहावीच्या निकालाला सत्कार झालेला असतो, पेढे वाटलेले असतात, गावात फ्लेक्स लागलेला असतो. तोच मुलगा दहा महिन्यांत दोन विषयांत नापास होतो. त्याला आपण नापास झालो यापेक्षा आपण सगळ्यांना फसवलं असं वाटत असतं. अशा वेळी वडिलांनी आणि क्लासवाल्यांनी त्याच्यासमोर बसून त्याच्या वर्षाचा हिशेब मांडला की तो कशालाही ‘हो’ म्हणतो. तो ‘हो’ त्याचा नसतो. एकदा तुम्ही आणि तो असे दोघंच कुठेतरी बाहेर जा, शेतावर जा, आणि मार्कांचा विषय न काढता विचारा की तिथे दिवस कसा जायचा, डबा कुठे खायचास, वर्गात शेजारी कोण बसायचं. उत्तरं द्यायला वेळ लागेल, तेवढा द्या. झोप उडालेली असेल, जेवण तुटलेलं असेल, आधी आवडणाऱ्या गोष्टींत मन लागत नसेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असा सूर कधी बोलण्यात आला असेल, तर अकरावी-बारावीचा प्रश्न बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे न्या. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

आता समजा हे सगळं ठीक आहे आणि फेरपरीक्षेत तो पास झाला. बारावीत गेला तर अकरावीचं राहिलेलं किती आडवं येईल? हा हिशेब पालकांना कोणी मांडून दाखवत नाही.

बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेत अकरावीचे मार्क धरत नाहीत आणि बारावीच्या गुणपत्रिकेवरही ते येत नाहीत. पण धडे एकमेकांत गुंतलेले आहेत. गणितात अकरावीचं त्रिकोणमिती, फलन, मर्यादा आणि विकलन हे चार धडे आले नाहीत तर बारावीचा दुसरा भाग जवळजवळ बंदच होतो, कारण विकलन, त्याचे उपयोग, संकलन, अवकल समीकरणं सगळं त्यावरच उभं आहे. भौतिकशास्त्रात सदिश आणि गतीचे नियम पाहिजेतच. सदिश येत नसतील तर बारावीला घूर्णन गतीपासूनच अडचण सुरू होते. रसायनशास्त्रात मोल संकल्पना आणि सेंद्रिय रसायनाची मूलतत्त्वं. मोल कळला नाही तर द्रावणं हा धडा जात नाही आणि मूलतत्त्वं नसतील तर सेंद्रियचे पुढचे सगळे धडे पाठांतर होऊन बसतात. याउलट शांकव, विचलनाची मापनं, गुरुत्वाकर्षण, स्थायूंचे यांत्रिक गुणधर्म हे धडे राहिले तरी बोर्डाच्या बारावीचं फारसं अडत नाही. म्हणजे अख्खी अकरावी परत करायची नसून सात-आठ धडे परत करायचे आहेत. फेरपरीक्षेच्या तयारीत नेमके हेच धडे आधी घ्या, म्हणजे एका अभ्यासात दोन कामं होतील.

प्रवेश परीक्षांचं गणित वेगळं आहे. इंजिनिअरिंगसाठी राज्याची एमएचटी-सीईटी देणार असेल तर तिच्यात अकरावीचा भाग साधारण २० टक्के आणि बारावीचा ८० टक्के असतो. एका विषयाच्या ५० प्रश्नांत अकरावीचे दहाच्या आसपास. अकरावी कच्ची राहिलेला मुलगा बारावीत सावरला तर सीईटीत चांगलं करू शकतो, हे मी दर वर्षी बघतो. मेडिकलची ‘नीट’ आणि इंजिनिअरिंगची देशपातळीवरची जेईई यांत तसं नाही, तिथे अकरावीचा वाटा जवळजवळ निम्मा असतो. सगळे धडे लागतात आणि खोलात लागतात. जेईईत शांकव सोडून चालत नाही.

जेईईबाबत क्लासवाल्यांच्या म्हणण्यात एक तथ्य आहे आणि ते मान्य करायला हवं. जेईई मेन बारावीच्या वर्षी आणि पुढची दोन वर्षं देता येते. अ‍ॅडव्हान्स्ड, म्हणजे आयआयटीसाठीची पुढची परीक्षा, लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदा. ही मोजणी बारावीपासून होते. त्यामुळे अकरावी पुन्हा केली तर यातली एकही संधी खर्च होत नाही, उलट कच्च्या अकरावीवर बारावी करून मग ड्रॉप घेतला, म्हणजे एक वर्ष थांबून फक्त प्रवेश परीक्षेची तयारी केली, तर संधी खर्च होतात. ज्या मुलाला आयआयटीचं खरंच वेड आहे, जो स्वतःहून गणितं सोडवत बसतो आणि ज्याचं वर्ष आजारपणासारख्या कारणाने गेलंय, त्याच्यासाठी हा विचार रास्त आहे. पण भौतिकशास्त्र आणि गणित या दोन विषयांत नापास झालेल्या मुलाच्या घरी हे गणित मांडताना आधी त्याला तिकडे जायचंय का हे विचारलेलं असावं. क्लासची फी आणखी एक वर्ष भरायची असते, तीही विसरू नका. त्यांचा सल्ला वाईट हेतूने असतो असं मी म्हणत नाही. पण जागा भरण्याशी त्यांचा संबंध आहे, माझा आणि तुमचा नाही.

वयाचा प्रश्न फक्त काही ठिकाणीच येतो. नीटला वरची वयोमर्यादा नाही, सीईटीलाही नाही. सैन्यात अधिकारी होण्यासाठीच्या एनडीएला मात्र आहे, साडेसोळा ते साडेएकोणीस या वयातच जाता येतं. मुलाला तिकडे जायचं असेल तर जन्मतारीख घेऊन बसा, कारण एक वर्ष म्हणजे तिथे दोन परीक्षा हातातून गेल्या. बाकी नोकरीच्या मुलाखतीत सतरा वर्षांच्या मुलाने अकरावी दोनदा का केली, असं पुढे कोणी विचारत नाही. वडिलांना हे सांगा. एक वर्ष जाणं ही मोठी गोष्ट नाही. ते कशासाठी जातंय याला महत्त्व आहे.

हेच पत्र एखाद्या मुलीच्या आईकडून आलं असतं तर मी वर्षाला जास्त जपलो असतो. गावाकडे मुलीचं एक वर्ष राहिलं की घरात शिक्षण थांबवण्याची आणि स्थळं बघण्याची चर्चा सुरू होते. हुशार मुलींचं शिक्षण या एका वर्षापायी तुटताना मी बघितलंय. तिथे मी बारावीत ढकला, फेरपरीक्षेला बसवा, शाखा बदला, काहीही करा पण कॉलेजात नाव राहू द्या, असंच सांगतो.

शाखेचा विषय निघालाच आहे. तुमच्या मुलाला जीवशास्त्रात आणि भाषांत ठीक मार्क आहेत, गणित-भौतिकशास्त्र दोन्ही गेलेत. विज्ञान कोणी निवडलं? ८६ टक्क्यांनी निवडलं असेल, म्हणजे एवढे मार्क पडले की सायन्सच घ्यायचं असं ठरलेलं असतं, तर आत्ता ते बदलायची वेळ आहे. गणित सोडून जीवशास्त्राचा गट ठेवता येतो का ते कॉलेजात विचारा. नर्सिंग, फार्मसी, कृषी, प्रयोगशाळा तंत्रज्ञान, असे पुष्कळ रस्ते जीवशास्त्राच्या बाजूने आहेत. यंत्रांत, वायरिंगमध्ये हात चालत असेल तर दहावीच्या मार्कांवर पॉलिटेक्निकला आजही जाता येईल. तीन वर्षांची पदविका आणि तिथून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. अकरावी पुन्हा करण्यात एक वर्ष जाणारच असेल, तर तेच वर्ष पदविकेच्या पहिल्या वर्षाला देणं मला कितीतरी मुलांच्या बाबतीत जास्त शहाणपणाचं वाटतं. कला किंवा वाणिज्यला जायचं असेल तर शाखाबदलाचा अर्ज आणि त्याची मुदत कार्यालयात जाऊन समजून घ्या. तोंडी आश्वासनावर थांबू नका.

लहान वर्गांबद्दलही पालक विचारतात, तेव्हा दोन ओळी त्यावर. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्यात आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवायचं नाही अशी तरतूद होती. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीला परीक्षा घ्यायची आणि फेरपरीक्षेतही न जमल्यास त्याच वर्गात ठेवायची मुभा राज्यांना मिळाली. महाराष्ट्राने २०२३-२४ पासून तशी वार्षिक परीक्षा सुरू केली. या वयात मी वर्ष पुन्हा करण्याच्या विरोधातच असतो. अमेरिकेत यावर भरपूर अभ्यास झाला आहे. शेन जिमर्सन यांनी २००१ साली त्याआधीच्या दशकातले अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा मागे ठेवलेली मुलं तशाच कच्च्या, पण वर चढवलेल्या मुलांपेक्षा पुढे गेल्याचं दिसलं नाही. शिकागोच्या शाळांचा जेकब आणि लेफग्रेन यांचा अभ्यास २००९ चा आहे. त्यात आठवीला मागे ठेवलेल्या मुलांत शाळा सोडण्याचं प्रमाण वाढलेलं आढळलं. फ्लोरिडात तिसरीला मागे ठेवलेल्या मुलांना थोडा फायदा झालेला दिसतो, पण तिथे मागे ठेवण्याबरोबर वाचनाची जादा शिकवणीही सक्तीची होती. म्हणजे पुन्हा तिथेच येतो आपण, पुढच्या वर्षी काय वेगळं असणार? लहान मूल तोंडी छान उत्तरं देतं पण वाचायला-लिहायला फार अडतं, असं असेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. मुंबईत सायनच्या टिळक रुग्णालयासारख्या सरकारी-पालिका रुग्णालयांत ती होते आणि प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. अशा मुलाला मागे ठेवणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

आता परत तुमच्याकडे. उद्यापासून रोज सकाळी दोन तास गणित, संध्याकाळी दीड तास भौतिकशास्त्र, वर सांगितलेल्या धड्यांपासून. पहिला आठवडा फक्त आठवी-नववीचं गणित आणि इंग्रजी वाचन. दर रविवारी एक जुना पेपर, घड्याळ लावून, आणि तो गावातल्या कोणा शिक्षकाकडून तपासून घ्या. तुमच्याच हायस्कुलातले गणिताचे सर आनंदाने करतील, त्यांचाच विद्यार्थी आहे. तारीख घालून मार्क लिहून ठेवा. तिसऱ्या-चौथ्या रविवारी मार्क चढायला लागले, तो न सांगता वही उघडून बसायला लागला, तर फेरपरीक्षा काठावर निघाली तरी त्याला बारावीत पाठवा. बारावीला एखादा विषय राहिलाच तर त्याच वर्षी पावसाळ्यात पुरवणी परीक्षा असते, आणि सगळे विषय सुटून टक्के कमी पडले तर श्रेणीसुधार योजनेत पुन्हा बसता येतं. एवढ्या सोयी पुढे असताना सावरत असलेल्या मुलाला थांबवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मार्क तसूभरही हलले नाहीत आणि तो बसतोय पण डोक्यात काही जात नाही असं दिसलं, तर त्याला ढकलून बारावीत नेऊ नका. तेव्हा पदविका, गट बदलणं, शाखा बदलणं यांचा आधी विचार करा. अकरावी विज्ञानच पुन्हा करायची असेल तर तसं त्याने स्वतः म्हटलेलं असावं, आणि राहण्याची, इंग्रजीची, वेळेची व्यवस्था जूनच्या आधी बदललेली असावी.

कॉलेजात जाल तेव्हा तीन गोष्टी विचारून घ्या. फेरपरीक्षेची तारीख आणि अर्जाची मुदत काय, कारण ही मुदत फलकावर लागते आणि गावी असलेल्या मुलांना कळत नाही. फेरपरीक्षेला बसून नापास झाला तर त्याच कॉलेजात अकरावीची जागा राहते का, की पुन्हा केंद्रीय ऑनलाइन प्रवेशाला जावं लागतं. आणि शिष्यवृत्ती किंवा शुल्कमाफी मिळत असेल तर तोच वर्ग पुन्हा केल्यावर ती चालू राहते का. पॉलिटेक्निकच्या प्रवेशाची नोंदणी दहावीच्या निकालाच्या आसपासच सुरू होते, म्हणून फेरपरीक्षेच्या निकालाची वाट न बघता तिथला अर्ज भरून ठेवा. जागा नको असेल तर पुढे सोडता येते.